नको असलेले कॉल : 1909 वर तक्रार कशी करायची आणि आपल्या मुलांचे सिम का जपायचे

गेल्या पावसाळ्यात वर्गातल्या एका मुलाला अचानक ताप भरला. आम्ही त्याच्या वडिलांना चार वेळा फोन लावला, त्यांनी उचलला नाही. शेवटी शाळेच्या शिपाईमामांना कोंढव्यात त्यांच्या घरी पाठवावे लागले. वडील धावत आले आणि शरमून म्हणाले, "सर, माफ करा. अनोळखी नंबर दिसला, वाटलं लोनवालेच असतील."

त्यांना काय बोलणार? आम्हीसुद्धा तेच करतो. दिवसाला पाच-सहा कॉल येतात. पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, हिंजवडीला फ्लॅट, रमजानच्या आधी उमराहचे पॅकेज. आता तर पलीकडे माणूसही नसतो, रेकॉर्ड केलेला आवाज बोलतो. अनोळखी नंबर घ्यायचाच नाही असे ठरवले तर शाळेचा, दवाखान्याचा, आखातातून नवीन सिमवरून बोलणाऱ्या मुलाचा फोनही जातो. म्हणून यावरचे नियम आणि उपाय इथे एकत्र देत आहोत.

सगळ्यात आधी नंबर ओळखायला शिकावे. जाहिरातीचा कॉल करायचा असेल तर कंपनीला टेलिमार्केटर म्हणून नोंदणी करून 140 ने सुरू होणारा नंबर घ्यावा लागतो. बँक, विमा कंपनी, सरकारी खाते यांनी ग्राहकाला कामाचा कॉल करावा यासाठी 1600 ची मालिका आहे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कोणी लोन विकत असेल तर तो नियम मोडतोय, एवढे पक्के समजा. एसएमएसमध्येही आता पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी इंग्रजी अक्षर असते : जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी संदेशाला जी.

जाहिराती बंद करण्याची सोय 2007 पासून आहे, तिलाच लोक डीएनडी म्हणतात. मेसेजमध्ये इंग्रजीत 'स्टार्ट' लिहायचे, एक जागा सोडून 0 लिहायचा आणि 1909 ला पाठवायचा. 1909 ला फोन करूनही होते. सगळेच बंद करायचे नसेल तर बँकिंग, घरे-जमिनी, शिक्षण, आरोग्य असे विषय निवडता येतात. बँकेचा ओटीपी आणि व्यवहाराचे मेसेज यामुळे थांबत नाहीत, घाबरू नये.

मग डीएनडी करूनही कॉल का येतात? एक कारण आपण स्वतः. मॉलमधल्या लकी ड्रॉची चिठ्ठी, एखाद्या अॅपमधली न वाचता टिक केलेली चौकट, ही आपली संमती धरली जाते आणि संमती दिली की डीएनडी तिथे चालत नाही. दुसरे आणि मोठे कारण म्हणजे नोंदणी न करता साध्या सिमवरून कॉल करणारे. यांच्यावर इलाज एकच : तक्रार. लोक नंबर ब्लॉक करतात आणि विसरतात, उद्या तोच माणूस दुसऱ्या नंबरवरून हजर.

ट्रायने 12 फेब्रुवारी 2025 ला नियम बदलले. आता कॉल आल्यापासून 7 दिवसांत तक्रार करता येते, आधी ही मुदत 3 दिवस होती. नोंदणी नसलेल्याविरुद्ध तक्रार करायला तुमचे स्वतःचे डीएनडी असण्याची अटही गेली. कॉल करणाऱ्याचा नंबर, तारीख आणि काय बोलला ते थोडक्यात, इतके पुरते. 1909 ला फोन करा, मेसेज करा, नाहीतर ट्रायचे डीएनडी अॅप किंवा आपल्या मोबाइल कंपनीचे अॅप वापरा. कंपनीने 5 दिवसांत कारवाई करायची आहे. पूर्वी 7 दिवसांत 10 तक्रारी लागायच्या, आता 10 दिवसांत 5 तक्रारी झाल्या की कारवाई सुरू होते. म्हणजे एका सोसायटीतल्या पाच घरांनी मनावर घेतले तरी पुरे.

आता या नियमाची दुसरी बाजू. ती आम्हाला जास्त काळजीची वाटते.

पुण्यात टेलिकॉलरची नोकरी बारावी झाल्यावर लगेच मिळते. आमचे किती तरी जुने विद्यार्थी खराडी, विमाननगर, कॅम्पातल्या छोट्या ऑफिसांत हेच काम करतात. जाहिरातीत लिहिलेले असते, 'स्वतःचा मोबाइल आवश्यक'. मालक नोंदणी करत नाही, 140 चा नंबर घेत नाही, मुलांना याद्या देतो आणि त्यांच्याच सिमवरून कॉल करवतो. तक्रारी झाल्या की नंबर कोणाचा सापडणार? मुलाचा. पहिल्या वेळी 15 दिवस आउटगोइंग बंद. पुन्हा झाले तर एक वर्षासाठी कनेक्शन तोडणे आणि काळ्या यादीत नाव. आणि ही कारवाई त्या एका सिमवर नाही, त्या माणसाच्या नावावरच्या सगळ्या नंबरांवर होते. आपल्या घरांत एकाच्या आधारवर अम्मी, बहीण, दादी सगळ्यांची सिम घेतलेली असतात. बँक, गॅस, शिष्यवृत्ती सगळे त्याच नंबरांना जोडलेले. मालक मात्र दुसऱ्या गल्लीत नवीन ऑफिस उघडतो.

म्हणून मुलगा किंवा मुलगी अशा नोकरीला लागत असेल तर पहिल्याच दिवशी विचारायला सांगा : कंपनी टेलिमार्केटर म्हणून नोंदलेली आहे का, कॉल कंपनीच्या लाइनवरून होणार का? स्वतःचे सिम लावायला सांगितले तर ती नोकरी नको. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते संचार साथी पोर्टलवर दिसते. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवता येते.

काही ठिकाणी तर काम यापेक्षा वाईट असते. मे 2025 मध्ये पुणे पोलिसांनी खराडीतल्या एका कॉल सेंटरवर छापा घातला. तिथून अमेरिकेतल्या लोकांना फोन करून अटकेची भीती घालत आणि पैसे उकळत, असा आरोप आहे. शंभराहून जास्त जण तिथे कामाला होते.

कंटाळा आणणारा कॉल आणि फसवणारा कॉल यात फरक करावा, कारण दोघांची तक्रार वेगवेगळ्या ठिकाणी जाते. 'दोन तासांत तुमचा नंबर बंद होणार, 9 दाबा' असा रेकॉर्डेड कॉल ट्रायच्या नावाने येतो. ट्राय असे कॉल करत नाही. कुरिअरमध्ये ड्रग्ज सापडले, व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अरेस्ट' केली, असले काही कायद्यात नाही. असा कॉल आला आणि पैसे गेले नसतील तर संचार साथीवर 'चक्षु' मध्ये नोंदवा. पैसे गेले असतील तर क्षणभरही न थांबता 1930 ला फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी ते रोखले जाण्याची शक्यता पहिल्या तासा-दोन तासांतच जास्त असते. लाजेने दोन दिवस गप्प बसलेल्यांचेच जास्त नुकसान होते.

घरातल्या बुजुर्गांना हे सगळे पाठ करून घेणे अवघड आहे. त्यांची अडचण वेगळीच असते. पलीकडचा 'अस्सलामु अलैकुम, अंकल' म्हणाला की त्यांना फोन कापणे बेअदबी वाटते. जकात किंवा उमराहचे नाव काढले की अजूनच. आम्ही आमच्या अब्बांना एकच वाक्य शिकवले : "बेटा, मेरे लड़के से बात करो," आणि फोन ठेवून द्यायचा. सलामाचे उत्तर दिले, उद्धटपणाही झाला नाही. नंतर तो नंबर आम्ही 1909 ला पाठवतो. आता अब्बाच संध्याकाळी विचारतात, "आजचा भेजा क्या?"