सोंग आणि पुरावा

काही वर्षांपूर्वी एका लेखात मी एक छायाचित्र पुरावा म्हणून वापरले होते. विल्यम जॉन्सन या मुंबईच्या छायाचित्रकाराच्या ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’ या ग्रंथातले. ग्रंथाचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली लंडनहून निघाले, त्यातला दुसरा महाराष्ट्रावर. मागे मुंबईचा देखावा, समोर आपापल्या वेशातली माणसे. ती त्या जागी वावरत असत, असे मी ठोकून दिले.

पुढे मोठ्या आकारातली प्रत पाहताना माणसांच्या कडा खटकल्या. कात्रीने कापल्यासारख्या. त्यांच्यावरचा उजेड एका बाजूचा, मागच्या देखाव्यावरचा दुसऱ्या. शोधू लागल्यावर कळले की जाणकारांना हे ठाऊकच होते : माणसे स्टुडिओत टिपलेली, देखावे वेगळे टिपलेले, मग दोन्हींचा सांधा जुळवलेला. काही माणसे तर जॉन्सनच्याच १८५६-५८ मधल्या ‘इंडियन अ‍ॅमेचर्स फोटोग्राफिक अल्बम’मध्ये आधी येऊन गेली होती. काच ओली असतानाच टिपायची आणि ओली असतानाच धुवायची, असा तो काळ. भर रस्त्यावर माणसे स्तब्ध उभी करण्यापेक्षा स्टुडिओ सोयीचा, हे समजू शकते. पण ग्रंथ विकला गेला तो लोकजीवनाची खरी नोंद म्हणून. चित्राखाली जात-जमातीचे नाव. माणूस हा तिचा नमुना. दीडशे वर्षांनी मीही त्याला तसाच वापरला.

ही बोच मनात असतानाच गौरी गिल यांची ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स’ ही मालिका पाहिली. दिल्लीत राहणाऱ्या गिल २०१५ पासून ती जव्हार परिसरात करत आहेत. तिथल्या कोकणा आणि वारली वस्त्यांत बोहाडा होतो. रात्र-रात्र देवांची, राक्षसांची सोंगे नाचतात, आणि कागदाच्या लगद्याचे ते मुखवटे घडवणारी घराणी आहेत. गिल यांनी सुभाष धर्मा कडू आणि भगवान धर्मा कडू या बंधूंना आणि त्यांच्या सोबतच्या कारागिरांना विनंती केली : या वेळी देव नकोत, रोजच्या जगण्यातले मुखवटे करा. मग माणसांचे, पशुपक्ष्यांचे, घरातल्या मोलाच्या वस्तूंचेही मुखवटे झाले. ते चढवून गावकरी आपल्याच घरा-अंगणात, आपल्याच कामात कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. २०१७ साली ही छायाचित्रे डॉक्युमेंटाला आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या मोमा पीएस१ मध्ये मांडली गेली.

जव्हारचे फोटो त्याआधी आपण पाहिले नव्हते असे नाही. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली, तेव्हापासून वर्तमानपत्रांतले जव्हार म्हणजे बरगड्या दिसणारे मूल. ते फोटो खरेच होते, त्यांची गरजही होती. पण एका खऱ्या फोटोने सबंध तालुक्याचा चेहरा ठरवून टाकला, हेही तितकेच खरे. गिल यांच्या चित्रात चेहरा दिसतच नाही. खोटेपणा उघड आहे, मानेपाशी संपणारा मुखवटा लपवलेला नाही. आणि तरीही खाली हात ओळखीचे, अंगण खरे, बसण्याची ढब ज्याची त्याची. कोणते सोंग घ्यायचे याबद्दल त्या माणसाला काही म्हणणे आहे, हे चित्रातच दिसते. जॉन्सनच्या माणसांना ते विचारले गेले असेल, असे मला वाटत नाही.

तरी माझी एक शंका शिल्लक आहे. कोणत्या क्षणी बटण दाबायचे आणि कोणते चित्र भिंतीवर लावायचे, हे शेवटी छायाचित्रकारच ठरवतो. चित्रेही शीर्षकाविनाच आहेत. मुखवटे घडवणाऱ्या बंधूंची नावे मात्र मालिकेसोबत नोंदली जातात. १८६३ नंतरचा हा फरक मला लहान वाटत नाही.

माझा तो जुना लेख यंदा पुन्हा छापायचा होता. चित्र मी काढले नाही, खालची ओळ तेवढी बदलली. आधी होते, ‘मुंबईतील एक दृश्य’. आता आहे, ‘स्टुडिओतील माणसे, मागे, वेगळ्या वेळी टिपलेली मुंबई’.