पेटीतला खेळ आणि वर्गणीतला खेळ

यंत्रावरच्या खेळांचा इतिहास अमेरिका-जपानातून सुरू करायचा, असा दंडक आहे. धानोऱ्यात बसून पाहिले की तो जरा उलटाच दिसतो.

घरच्या टेलिव्हिजनला जोडायचे पहिले खेळयंत्र, मॅग्नाव्हॉक्सचे ओडिसी, १९७२ साली अमेरिकेत आले. निन्टेन्डोचे फॅमिकॉम १९८३ साली जपानात. फॅमिकॉमच्या नकला नव्वदच्या दशकात आपल्या शहरांतून 'व्हिडिओ गेम' म्हणून खपल्या. पिवळी कॅसेट, तिच्यावर ९९९९ खेळांची ग्वाही, आणि आत तेच ते चार खेळ नावे बदलून! पण ती लबाड कॅसेटही ज्याची त्याची असे. मित्राला उसनी देता येई, धाकट्या भावाकडे वारशाने जाई.

आमच्या जंगलपट्ट्यात ही पेटी सहसा आलीच नाही. पावसाळ्यात वीज जिथे पाहुण्यासारखी येते-जाते, तिथे ती कोण घेणार? खेळ आला तो थेट मोबाइलवरून. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाले, डेटा स्वस्त झाला. नवी मुंबईत तयार झालेला लुडो किंगही त्याच वर्षीचा. तो फुकट, मोल द्यायचे ते जाहिराती पाहून. माझ्या वर्गातली पोरे 'खेळ संपला' आणि 'रिचार्ज संपला' ही दोन वाक्ये एकाच अर्थाने वापरतात, आणि व्याकरणाचा मास्तर असूनही मला ती दुरुस्त करता येत नाहीत.

गंमत अशी की, पेटीवाले मातबरही याच वाटेने आले. २०१७ साली मायक्रोसॉफ्टने गेम पास काढला : महिन्याची वर्गणी भरा, हवे ते खेळा. २०२० साली सोनीने नव्या प्लेस्टेशनची एक जात अशी आणली की तिला तबकडी घालायची फटच नाही. जे दुकानातून आणलेच नाही, ते शेजाऱ्याला उसने द्यायचे तरी कसे?

पुण्याच्या 'राजी' या खेळाची कथा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. नॉडिंग हेड्स नावाच्या लहानशा मंडळीने तो रचला. राक्षसांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली मुलगी, आणि पाठीशी दुर्गा व विष्णू. २०१७ साली त्यांनी लोकवर्गणी मागितली. ती पुरी झाली नाही. तरी नेटाने ऑगस्ट २०२० मध्ये 'राजी' आधी निन्टेन्डोच्या स्विचवर अवतरली. पुढे २०२३ साली नेटफ्लिक्सच्या वर्गणीतून ती मोबाइलवर आली. म्हणजे पेटीसाठी घडलेली पोर आमच्या रानापर्यंत पोचू शकेल, अशी सोय झाली. वर्गणीचा हा गुण मी नाकारणार नाही.

वाचनालयाची वर्गणी आम्हीही भरतो; पण तिथले पुस्तक फाटले तरी कपाटात दिसते. जुलै २०२५ मध्ये नेटफ्लिक्सने आपल्या यादीतून वीसेक खेळ उतरवले, त्यांत 'राजी'ही गेली. ज्यांनी ती विकत घेतली होती, त्यांच्याकडे ती आजही आहे. वर्गणीदारांपैकी ज्याची राजी तेव्हा अर्ध्या वाटेवर होती, त्याला गोलू सापडला की नाही, हे त्या वर्गणीत आता कळायचे नाही.