रॉक मशीन ते इंडस क्रीड : एका मुंबईकर वाद्यवृंदाची वाटचाल

पांढुर्णा-सौंसरच्या आपल्या मंडळींत संगीताचा विषय निघाला की भजनी मंडळे, खडी गंमत, फार तर नागपूरच्या गणेशोत्सवातील गाण्याचे कार्यक्रम, येथवर येऊन गप्पा थांबतात. अशा बैठकीत रॉक संगीताचे नाव काढणे म्हणजे पंगतीत अनोळखी पाहुणा आणून बसवणे होय. तरीही तो पाहुणा आम्ही आणीत आहोत. ज्या भाषेत घरी बोलत नाही, त्या भाषेत गावे की न गावे, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. आणि तो आपल्या घरांना अगदीच परका नाही.

सन 1984 मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' या नावाचा एक वाद्यवृंद उभा राहिला. उदय बेनेगल हे गायक, महेश तिनईकर व जयेश गांधी गिटारवर, मार्क सेल्विन बेस गिटारवर, झुबिन बालापोरिया कीबोर्डवर आणि मार्क मेनेझेस ड्रमवर, असा त्याचा पुढे नावारूपास आलेला संच. सर्वच मंडळी पहिल्या दिवसापासून होती असे नव्हे. बेनेगलही थोड्या काळाने सामील झाले. ही नावे एका ओळीत वाचली की मुंबईतील एखाद्या जुन्या इमारतीच्या जिन्याखालची पाटी वाचल्यासारखे वाटते. असा संच त्या शहराखेरीज दुसरीकडे सहजासहजी जमला नसता.

त्या काळी आपल्याकडील रॉक वादकांची रीत अशी, की विलायती वा अमेरिकन वाद्यवृंदांची गाजलेली गाणी हुबेहूब वाजवावी आणि महाविद्यालयीन महोत्सवांतून टाळ्या घ्याव्या. श्रोत्यांचीही तीच अपेक्षा असे. मुंबईत धोबीतलावाजवळ, सेंट झेवियर्स महाविद्यालयाशेजारी 'रंगभवन' हे खुले नाट्यगृह होते. तेथे 1986 पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा मेळावा भरू लागला. (पुढे शांतता-क्षेत्राच्या नियमांत सापडून रंगभवनातील हे कार्यक्रम बंद पडले.) रॉक मशीननेही आरंभी परक्यांचीच गाणी वाजविली; परंतु लवकरच त्यांनी स्वतःची गाणी रचावयास घेतली. 1988 मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' आणि 1990 मध्ये 'द सेकंड कमिंग' असे त्यांचे दोन संग्रह आले. आज यात विशेष काही वाटणार नाही. पण कॅसेटची सारी बाजारपेठ चित्रपटगीते व भक्तिगीते यांनी व्यापलेली असताना, स्वतः रचलेल्या इंग्रजी गाण्यांची कॅसेट भारतीय दुकानात मांडणे हे धाडसच होते.

त्यांतील पहिली कॅसेट आम्ही सीताबर्डीवर विकत घेतली. राज्य शासनाच्या नोकरीत नुकतेच स्थिरावलो होतो आणि पगारातून असले शौक परवडू लागले होते. घरी ती लावली तेव्हा वडील ओसरीवरून एवढेच म्हणाले, "इंग्रजीत ओरडायला साहेबांची पोरं कमी पडली काय, म्हणून मुंबईची लागली?" आम्ही आवाज कमी केला. उत्तर मात्र तेव्हा सुचले नाही.

पुढे 1991 पासून उपग्रह वाहिन्या घरोघर येऊ लागल्या आणि एमटीव्हीवर या मंडळींची चित्रगीते दिसू लागली. 'प्रिटी चाइल्ड' हे त्यांतील विशेष गाजलेले. 1993 मध्ये त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' असे ठेवले. यंत्राचे नाव टाकून सिंधूचे नाव घेणे, यात आपण कोठले हे जगाला सांगण्याची ओढ आम्हांस दिसते. त्याच नावाचा संग्रह 1995 मध्ये निघाला. आणि नेमक्या त्याच वर्षी अलिशा चिनॉय यांचे 'मेड इन इंडिया' देशभर दुमदुमले! वेष पाश्चात्त्य, ठेका पाश्चात्त्य, शब्द हिंदी. कंपन्यांना बाजाराची किल्ली सापडली ती येथे. पाठोपाठ 1996 मध्ये हरिहरन व लेझली लुईस यांचे 'कलोनियल कझिन्स' आले. इंग्रजीत स्वतःचे गाणे रचणाऱ्यांसाठी जागा आक्रसत गेली आणि 1997 मध्ये इंडस क्रीड विसर्जित झाले. बेनेगल व गांधी यांनी 'आम्स फॉर शांती' हा नवा प्रयोग मांडला आणि न्यूयॉर्क गाठले.

येथे हॉलंडमधील एका वाद्यवृंदाची आठवण होते. 'गोल्डन इअरिंग' हा हेग शहरातील दोन शाळकरी मुलांनी 1961 मध्ये सुरू केला. त्यांचे 1973 चे 'रडार लव्ह' इंग्लंड-अमेरिकेतही गाजले. 1970 पासून चौघांचा तोच संच जवळजवळ अर्धशतक टिकला; 2021 मध्ये, संस्थापकांपैकी एकाच्या दुर्धर आजारामुळे, तो थांबला. गंमत अशी, की त्यांचे गायक बॅरी हे यांचा जन्म 1948 चा, आपल्या फैजाबादचा! हेही डच असून इंग्रजीतच गात. 1970 च्या सुमारास त्यांच्या देशाची लोकसंख्या अवघी एक कोटी तीस लाखांच्या आसपास. तरी परभाषेत गातात म्हणून स्वदेशाने त्यांना परके मानले नाही. आपल्याकडे चित्रपटगीतांचा वटवृक्ष एवढा मोठा, की त्याच्या सावलीत दुसरे रोप तगणे कठीण. दोष केवळ इंग्रजीला द्यावा असे आम्हांस वाटत नाही.

तसे पाहता परभाषेचा संसार आपणही केलाच आहे. 1956 च्या पुनर्रचनेत नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आपण मध्य प्रदेशात राहिलो. आम्ही संपूर्ण सेवाकाळ फाइलींवर हिंदीत टिपण्या लिहिल्या. त्या शुद्ध असत, वरिष्ठ त्यांची वाखाणणीही करीत. मात्र बेरीज-वजाबाकी मनातल्या मनात मराठीतच चाले. 2023 मध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला, तरी कचेरीची भाषा तीच आहे. म्हणून त्या मुंबईच्या पोरांनी इंग्रजीत गाणे ही निव्वळ नक्कल होती, असे आम्ही म्हणू शकत नाही. वडिलांना द्यावयाचे उत्तर हेच होते. ते सुचले तेव्हा ऐकावयास ते राहिले नव्हते. एक सल मात्र आहे. 2002 मध्ये वैशाली सामंत व अवधूत गुप्ते यांच्या 'ऐका दाजिबा'ने मराठी शब्दही नव्या ठेक्यावर सहज चालतात हे दाखवून दिले. तिनईकरांची गिटार आणि मराठी शब्द अशी सोयरीक त्या काळी कोणी जुळविली असती, तर आमच्या ओसरीवरचा तो प्रसंग निराळा झाला असता.

इंडस क्रीड 2010 मध्ये पुन्हा एकत्र आले. बेनेगल, तिनईकर व बालापोरिया हे जुने. रुशाद मिस्त्री व जय रो कवी हे नवे. 2012 मध्ये त्यांचा 'इव्हॉल्व्ह' हा संग्रह निघाला. अलीकडे पुण्याहून सुटीवर आलेल्या नातवाने तो आम्हांस मोबाइलवर ऐकविला. आवाज ओसरीपर्यंत गेला असावा, कारण आतून आमच्या मंडळींनी विचारले, "अहो, हे तुमच्या त्या जुन्या कॅसेटवालेच का?" आम्ही होय म्हटले. नातवाने आवाज आणखी थोडा वाढविला.