झिरो-टर्न मोवर घ्यायचा का? मोठ्या आवारासाठी गवत कापायचं यंत्र निवडताना काय पाहावं

कोल्हापूर शहराला अगदी लागून असलेलं करवीर तालुक्यातलं उचगाव. (बेळगावजवळचं उचगाव वेगळं.) शेजारी गांधीनगरची कापडपेठ, जवळून जाणारा पुणे-बेंगळुरू महामार्ग आणि पुढे गोकुळ शिरगावची एमआयडीसी. अशा पट्ट्यात उसाच्या फडाला लागूनच लॉनवालं मंगल कार्यालय, कारखान्याचं आवार, शाळेचं मैदान किंवा कुणाचं तरी फार्महाऊस असतं. पाऊस सुरू झाला की या सगळ्यांची अडचण एकच असते. आज कापलेलं गवत आठ-दहा दिवसांत पुन्हा घोट्याला लागतं, आणि ब्रश कटर चालवणारा माणूस वेळेवर मिळत नाही.

मग मोबाइलवर एखादा व्हिडिओ दिसतो. माणूस खुर्चीत बसलाय, हातात दोन दांडे आहेत, आणि यंत्र जागच्या जागी गिरकी घेत हिरवळीवर सरळ पट्टे काढतंय. हाच झिरो-टर्न मोवर. भारतात त्याची किंमत लाखांत जाते. त्यामुळे तो आपल्या जागेवर चालेल का, हे पैसे देण्याआधी तपासावं लागतं.

झिरो-टर्न म्हणजे नेमकं काय?

ट्रॅक्टर वळवताना पुढची चाकं वळतात. झिरो-टर्नमध्ये पुढची चाकं ऑफिसच्या खुर्चीसारखी मोकळी फिरणारी असतात. वळवण्याचं सगळं काम मागची दोन चाकं करतात. प्रत्येक मागच्या चाकाला स्वतंत्र हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन असतं, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा पंप आणि मोटर. डावा दांडा डाव्या चाकाचा, उजवा उजव्याचा. दोन्ही सारखे पुढे ढकलले की यंत्र सरळ जातं. एक पुढे आणि एक मागे केला की जागेवरच फिरतं. झाडाच्या बुंध्याभोवती, खांबाभोवती किंवा कट्ट्याच्या कोपऱ्यात यामुळे बराच वेळ वाचतो.

जागेवर वळणारं गवत कापायचं यंत्र अमेरिकेत १९४९ मध्ये मॅक्स स्विशर यांनी बनवलं. आजच्या दोन दांड्यांच्या यंत्रांची वाट १९६३ च्या सुमारास कॅन्सस राज्यातल्या जॉन रेगियर यांच्या यंत्राने पाडली. तिथली घरामागची मोठी, सपाट आणि बिनदगडाची हिरवळ डोळ्यांपुढे ठेवून ही यंत्रं वाढली. आपल्याकडच्या बऱ्याच अडचणींचं मूळ इथेच आहे.

किती जागा असेल तर परवडतो?

कोल्हापूरकराला जागेचा अंदाज देण्याचा सोपा मार्ग फुटबॉलचा. १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असं प्रमाण मैदान म्हणजे साधारण पावणेदोन एकर, सत्तर गुंठे.

आता हिशोब. ४८ इंची, म्हणजे सुमारे १.२ मीटर रुंद पट्टा कापणारा झिरो-टर्न ताशी ८ किलोमीटरने चालला, तर कागदावर तासाला २.४ एकर होतात. पण प्रत्येक फेरी आधीच्या पट्ट्यावर थोडी चढवावी लागते आणि वळणातही वेळ जातो. २० टक्के वजा केले तर १.९ एकर उरतात. म्हणजे आख्खं फुटबॉलचं मैदान तासाभरात. मागून चालत न्यायचा २१ इंची मोवर ताशी ४ किलोमीटरने तेच मैदान करायला चार तासांहून जास्त घेतो.

या आकड्यांवरून एक ढोबळ रेषा आखता येते. वीस-पंचवीस गुंठ्यांपर्यंतच्या हिरवळीसाठी झिरो-टर्न ही हौस आहे. एक ते दीड एकराच्या पुढे, आणि तीही वर्षभर राखायची हिरवळ असेल, तर विचार सुरू करायला हरकत नाही. इथे मोजायचं ते फक्त कापायचं गवत. सातबारावर पाच एकर असतील, पण त्यात घर, पार्किंग, आंब्याची झाडं आणि ऊस वजा करून हिरवळ तीसच गुंठे उरत असेल, तर हिशोब तीस गुंठ्यांचाच.

आधी जमीन तपासा, यंत्र नंतर

दुकानात चर्चा हॉर्सपॉवरची होते. पण यंत्र उपयोगी पडेल की माणसाच्या अंगावर येईल, हे जमीन ठरवते.

पहिली गोष्ट उतार. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये १५ अंश ही कमाल मर्यादा असते, काहींमध्ये १० अंशच. १० अंश म्हणजे दहा फुटांच्या आडव्या अंतरात पावणेदोन फूट चढ. १५ अंश म्हणजे साधारण पावणेतीन फूट. गवंड्याची लेव्हलची नळी आणि एक टेप असला की हे अर्ध्या तासात मोजून होतं. नुसत्या नजरेने अंदाज बांधू नये, कारण उतार डोळ्यांना नेहमी कमी वाटतो.

उताराची एवढी धास्ती कशाला? तर वळणं, थांबणं आणि पुढे जाणं हे सगळं त्याच दोन मागच्या चाकांवर अवलंबून असतं. ओल्या गवतावर ती घसरली की वळण जातं आणि ब्रेकही जातो. पुढची मोकळी चाकं काहीच करू शकत नाहीत. यंत्र उताराच्या दिशेने निघतं आणि चालवणारा नुसते दांडे ओढत राहतो.

कोल्हापूर भागात यात विहिरीची भर पडते. कठडा नसलेली जुनी विहीर, शेततळ्याची कड, ओढ्याची दरड, दोन शेतांमधला उंच बांध. अशा कडेपासून यंत्राच्या रुंदीच्या किमान दुप्पट अंतर मोकळं सोडावं, असं पुस्तिकांमध्ये सांगितलेलं असतं. ४८ इंची डेकचं यंत्र असेल तर दहा फूट धरून चाला. त्या पट्ट्यातलं गवत ब्रश कटरनेच काढायचं. तिथे घाई करण्याइतकं मोलाचं गवत कुठलंच नसतं.

यंत्राला मागे लोखंडी कमान, म्हणजे रोलबार, आणि सीटबेल्ट आहे का, हे विकत घेतानाच पाहावं. यंत्र उलटलं तर कमानीमुळे चालवणारा खाली चिरडला जाण्यापासून वाचू शकतो, पण कमान उभी असेल आणि बेल्ट लावलेला असेल तरच. कमान दुमडून ठेवली असेल तेव्हा बेल्ट लावायचा नाही, हा नियमही तितकाच महत्त्वाचा.

दुसरी गोष्ट ओल. इथली काळी माती जुलै-ऑगस्टमध्ये वरून कोरडी दिसली तरी आतून लोण्यासारखी असते. घरगुती झिरो-टर्नचंही वजन अडीचशे किलोच्या आसपास असतं, व्यावसायिक यंत्र पाचशे-सहाशे किलोपर्यंत जातं. त्यावर माणूस. अशा जमिनीवर एक चाक जागेवर ठेवून गिरकी घेतली की गवत मुळासकट सोललं जातं आणि गोल खड्डा पडतो. त्यामुळे व्हिडिओतली गिरकी प्रत्यक्षात फारशी वापरायची नसतेच. थोडं मागे घेऊन, तीन टप्प्यांत वळवणं हिरवळीला मानवतं.

तिसरी गोष्ट दगड. मोवरच्या पात्याच्या टोकाचा वेग अमेरिकी मानकानुसार मिनिटाला १९,००० फुटांपर्यंत असू शकतो, म्हणजे ताशी जवळपास ३४७ किलोमीटर. मुरूम टाकून भरलेल्या आवारात, लग्नानंतर बाटल्यांची झाकणं, तारा आणि मंडपाचे खिळे पडलेल्या लॉनवर, या वेगाने काय उडेल याचा विचार करा. कापण्याआधी मैदान फिरून वेचणं हे कामाचाच भाग आहे. लहान मुलांना मांडीवर घेऊन फेरी मारणं कौतुकाचं वाटलं तरी पूर्णपणे बंद.

डेक, इंजिन आणि पेट्रोलचा घोळ

डेक म्हणजे पात्यांवरचं लोखंडी झाकण. एकाच पत्र्याचं दाबून बनवलेलं डेक हलकं आणि स्वस्त. जाड पोलादी पत्रे वेल्डिंग करून बनवलेलं जड, महाग आणि टिकाऊ. जमीन खडबडीत असेल तर दुसरंच घ्यावं. रुंदी निवडताना फाटक, झाडांमधली सर्वात अरुंद वाट आणि यंत्र ठेवायची शेड मोजा. गवत बाहेर फेकणारं तोंडही रुंदीत धरायचं, ते अनेकदा विसरलं जातं.

इंजिनाबाबत उसाच्या या जिल्ह्यात एक गमतीशीर पेच आहे. इथल्या साखर कारखान्यांतून इथेनॉल बाहेर पडतं, ते पेट्रोलमध्ये मिसळतं. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल असलेलं ई-२० पेट्रोल विक्रीला आलं, आणि आता पंपावर सहसा तेच मिळतं. पण परदेशी मोवरमधल्या अनेक इंजिनांच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा १० टक्केच लिहिलेली असते. म्हणजे ऊस आपला, इथेनॉल आपलं, आणि कार्बुरेटर मात्र परका. ‘या इंजिनाला ई-२० चालतं का, आणि ते वापरलं तर वॉरंटी राहते का,’ हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. तोंडी ‘काही होत नाही साहेब’ पुरेसं नाही. शिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पावसाळ्यात महिनाभर टाकीत पेट्रोल भरून यंत्र उभं ठेवलं तर कार्बुरेटर साफ करायची वेळ येते.

इंधनाचा खर्चही आधीच धरा. वीस-बावीस हॉर्सपॉवरचं इंजिन तासाला साधारण चार ते सहा लिटर पेट्रोल पितं. बॅटरीवरची झिरो-टर्न यंत्रं हा पेट्रोलचा प्रश्न मिटवतात, पण बॅटरी बदलण्याची किंमत विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

उद्यमनगर काय दुरुस्त करेल?

कोल्हापूरची एक मोठी सोय म्हणजे शिवाजी उद्यमनगर आणि आजूबाजूच्या फाउंड्र्या, लेथ, वर्कशॉप. पात्याला धार लावणं, पातं समतोल करणं, बेअरिंग बदलणं, स्पिंडल टर्न करून घेणं, डेकला वेल्डिंग मारणं, ही कामं इथला कारागीर डोळे झाकून करेल. मापाचा बेल्टही शोधला तर सापडतो.

अडतं ते हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनपाशी. घरगुती वापराच्या स्वस्त यंत्रांत ते बऱ्याचदा बंद पेटीसारखं असतं, त्यातलं तेल बदलण्याचीही सोय नसते. गेलं की पूर्ण युनिटच बदलायचं. व्यावसायिक यंत्रांत तेल आणि फिल्टर बदलता येतो. रोज चार-पाच तास चालवायचं असेल तर हा फरक इंजिनाच्या ताकदीपेक्षा महत्त्वाचा आहे. विक्रेत्याला विचारा, ट्रान्समिशन आणि स्पिंडलचे भाग पुणे-मुंबईत स्टॉकमध्ये आहेत की बाहेरून मागवायचे? किती दिवसांत? एखाद्या नावाचा ट्रॅक्टर डीलर जवळ आहे, म्हणून त्याच नावाच्या मोवरचे सुटे भाग तिथे मिळतीलच असं नाही.

एक सावधगिरी. चालवणारा सीटवरून उठला की पाती थांबवणारा स्विच सीटखाली असतो. तो त्रास देतो म्हणून वायर ‘डायरेक्ट’ करून देणारा कुणीतरी भेटेलच. करून घेऊ नका. अडकलेलं गवत काढायला खाली वाकलेल्या माणसाची बोटं त्या स्विचमुळे वाचतात.

मग इतर पर्याय?

घरी आधीच १८ ते २५ हॉर्सपॉवरचा मिनी ट्रॅक्टर असेल, तर पीटीओवर चालणारा मोवर किंवा स्लॅशर जोडणं बहुतेकदा शहाणपणाचं. कोपरे तो नीट कापत नाही, पण खडबडीत रानात आणि गुडघाभर गवतात झिरो-टर्नपेक्षा सरस ठरतो. मेक्सिकन हिरवळ गालिच्यासारखी अगदी बारीक ठेवायची असेल तर कात्रीसारखी कापणारा रीळ मोवर लागतो. आणि दुसरं कुठलंही यंत्र घेतलं तरी ब्रश कटर विकू नये, कडा आणि बांध त्याच्याकडेच राहतात.

एवढं करूनही झिरो-टर्नच हवा असेल, तर डेमो शोरूमसमोरच्या फरशीवर घेऊ नका. यंत्र आपल्या आवारात आणायला सांगा, शक्यतो पाऊस उघडल्यानंतर दोन-तीन दिवसांनी. जो माणूस रोज चालवणार आहे त्यालाच बसवा, चपला नव्हे तर बूट घालून आणि कानाला संरक्षण लावून. सर्वात अवघड कोपरा कापायला लावा. त्याआधी गवत फार वाढू देऊ नका. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापलं की हरळीसुद्धा पिवळी पडते, आणि दोष उगाच यंत्राला जातो.