डिझेल ट्रकच्या इंजिनाची वाढीव ताकद

डिझेल इंजिनात आत जाणारी हवा पेट्रोल इंजिनाप्रमाणे थ्रॉटलने रोखून ताकद ठरवली जात नाही. ती ठरते किती इंधन फवारले जाते यावर. पूर्ण भारावरही काही हवा न वापरता शिल्लक राहते आणि टर्बोचार्जरचा दाब वाढवला की आणखी मिळते. त्यामुळे इंजिन न उघडता, नियंत्रक संगणकातील इंधनाचे आकडे बदलूनही ताकद वाढते. पेट्रोल इंजिनात दाब वाढला की मिश्रण अवेळी पेटून ठोके बसतात. डिझेलमध्ये इंधन पेटायच्या वेळीच आत येते, म्हणून ती अडचण नाही. हवा साधारण १६ ते १८ पट दाबायची असल्याने ब्लॉक, क्रँक व पिस्टन मुळातच दणकट असतात.

एकच इंजिन वेगवेगळ्या अश्वशक्तीत विकणे ट्रक-उद्योगात सर्रास चालते. पण कारखान्याने राखलेली ही ताकद फुकट पडून असते, हा समज घातक आहे. भरल्या गाडीने घाट चढताना इंजिन दीर्घकाळ पूर्ण जोर लावते. त्या वेळी जादा इंधनाने धुराचे तापमान वाढून टर्बो आणि पिस्टन जळू शकतात, क्लच घसरतो. १ एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या बीएस-६ गाड्यांत काजळीचा फिल्टरही लवकर तुंबतो. शिवाय नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ने मनाई आहे.