तार तोडली तेव्हा दाब वाढला

इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असलेली मुलं एक प्रश्न नेहमी विचारतात. नऊ व्होल्टची बॅटरी आहे, ट्रान्सफॉर्मरही आहे, मग शंभर-दोनशे व्होल्ट का मिळत नाहीत? बॅटरीचा प्रवाह स्थिर असतो आणि ट्रान्सफॉर्मरला बदल लागतो, म्हणून. पण हे माणसाच्या हाती कसं लागलं, ते बघण्यासारखं आहे.

१८३१ मध्ये मायकेल फॅरडेने एका लोखंडी कड्यावर दोन वेगळ्या गुंडाळ्या घेतल्या. पहिलीत प्रवाह सुरू करताना आणि तोडताना दुसरीकडची सुई हलली. मधल्या वेळात, प्रवाह वाहत असूनही, सुई जागच्या जागी!

पाच वर्षांनी आयर्लंडमधल्या मेनूथ इथे निकोलस कॅलन या धर्मगुरूंनी हा धागा पुढे नेला. ते तिथल्या कॉलेजात 'नॅचरल फिलॉसॉफी' शिकवत. (भौतिकशास्त्र तेव्हा आमच्याच घरात नांदत होतं.) लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे थोडे वेढे, बारीक तारेचे पुष्कळ. जाड तारेतला प्रवाह तोडला, की गाभ्यात साठलेलं चुंबकत्व झटकन ओसरतं आणि बारीक तारेत प्रचंड दाब उठतो. आता यात फुकट काही नाही. व्होल्ट वाढले की त्या प्रमाणात प्रवाह घटतो, शिवाय थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. कॅलननी घड्याळाची यंत्रणा लावून प्रवाह सेकंदाला वीसेक वेळा तोडला. दाब मोजायचा कसा? विद्यार्थ्यांना धक्के देऊन! त्यातला एक बेशुद्ध पडला आणि पुढे डब्लिनचा आर्चबिशप झाला, असं सांगतात.

नाव मात्र झालं पॅरिसमधल्या रूमकॉर्फ या जर्मन कारागिराचं. १८६४ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने त्याला ५०,००० फ्रँकचं बक्षीस दिलं. कॅलन त्याच वर्षी जानेवारीत वारले होते. रूमकॉर्फला मी चोर म्हणणार नाही. मैलोगणती बारीक तार ठिणगी न फुटू देता गुंडाळणं ही अस्सल विद्या आहे. पण 'रूमकॉर्फ कॉइल' म्हणताना मेनूथची आठवण पुसली गेली, हे खरंच.

जुन्या ट्यूबलाइटचा स्टार्टर आठवा. तो उघडतो त्या क्षणी चोक उसळी देतो आणि ट्यूब पेटते. बूस्ट कन्व्हर्टरच्या बोर्डावर हेच तोडणं मॉस्फेट करतो, सेकंदाला हजारो-लाखो वेळा. मात्र जास्त व्होल्टच्या अशा सर्किटमधला कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही भरलेला राहू शकतो. तिथे मेनूथच्या पद्धतीने मोजमाप करू नका.