तेल लावण्याचा ऋतू

डोक्यात कोंडा झाला की घरात दोन पक्ष पडतात. एकाच्या मते त्वचा कोरडी पडली आहे, म्हणून तेल चोळावे. दुसऱ्याच्या मते तेलानेच कोंडा झाला, म्हणून ते बंद करावे. आपल्याकडच्या न्हाण्याचा इतिहास पाहिला तर हा वाद ऋतू विसरल्यामुळे उभा राहिलेला दिसतो. चरकसंहितेतल्या ऋतुचर्येत हेमंतासाठी अंगाला अभ्यंग आणि डोक्याला तेल सांगितले आहे. वर्षा ऋतूच्या वर्णनात मात्र डोक्याचे तेल नाही. तिथे अंग घासणे, उटणे लावणे, स्नान करणे आणि ओल नसलेल्या जागी राहणे आहे. वाग्भट अष्टांगहृदयात हेमंताचा विधी आणखी नेमका करतो: तेल चोळून झाल्यावर ते तुरट द्रव्यांनी काढून टाकायचे आणि मग स्नान करायचे. म्हणजे तेल लावणे हा विधीचा अर्धाच भाग होता; ते काढणे हा उरलेला अर्धा. शिकेकाई आणि रिठा घरोघरी हेच दुसरे काम करत आले.

कोंड्याशी ताडून पाहिले की या विभागणीला अर्थ येतो. सुश्रुताने ‘दारुणक’ या नावाने वर्णिलेल्या विकारात डोक्याला खाज सुटते, त्वचा रुक्ष होऊन फुटते, आणि दोष कफ व वात या दोघांकडे जातो. एक ओलाव्याचा, दुसरा कोरडेपणाचा. 1874 मध्ये लुई-शार्ल मालासे या फ्रेंच संशोधकाने कोंड्यात बुरशीच्या पेशी पाहिल्या आणि पुढे त्याच्या नावावरून तिला ‘मालासेझिया’ म्हणू लागले. ही बुरशी जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यावर असते. तिला स्वतःची मेदाम्ले बनवता येत नाहीत, म्हणून ती त्वचेतून पाझरणाऱ्या तेलावर जगते. प्रयोगशाळेत वाढवतानाही तिच्या खाद्यात ऑलिव्ह तेल घालावे लागते. दमट उष्म्यात घाम आणि तेल साचते, तिचे फावते. मग कोंडा पावसाळ्यापेक्षा थंडीत जास्त का जाणवतो? कारण कोरड्या हवेत त्वचेचा वरचा थर पाणी गमावतो आणि आधीच चिडलेली त्वचा भुरभुर सुटू लागते.

यावर पहिला आक्षेप चरकाच्याच आधारे घेता येईल. दिनचर्येत तो रोज डोक्याला तेल लावायला सांगतो, मग ऋतूची अट कुठून आली? पण आयुर्वेद भूमीचेही भेद करतो: जांगल म्हणजे कोरडी, आनूप म्हणजे ओलसर आणि साधारण म्हणजे मधली. नित्याचा नियम सर्वसाधारण, ऋतू आणि देश त्याला मुरड घालतात. महाराष्ट्रात हे भेद एका घाटाच्या दोन्ही अंगांना सापडतात. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, तर माण-खटावात जेमतेम पाचशेच्या आसपास. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजते. पुण्याच्या थंडीत बाटली उन्हात ठेवावी लागते, रत्नागिरीत तशी वेळ क्वचितच येते. ओल्या हवेत लांब केस वाळत नाहीत, हेही जुन्या लोकांना चांगले ठाऊक होते. न्हाऊन झाल्यावर बाळ-बाळंतिणीला ओवा, वेखंड, धूप यांची धुरी देण्यामागे इतरही कारणे असतील, पण केस वाळण्याची सोय त्यात होतीच.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान हवामानातून जन्मले असे म्हणावे, तर तमिळनाडूचे काय? तिथेही दिवाळीला पहाटे तेल लावून न्हातात, आणि तेव्हा ईशान्य मोसमी पाऊस ऐन भरात असतो. तेव्हा या सणाचा उगम हवेत शोधण्यात हशील नाही. तो नरकासुराच्या कथेत आणि धर्माचारातच आहे. एवढेच म्हणता येते की महाराष्ट्रात हा आचार सोयीच्या जागी पडला: पाऊस परतलेला, हवा कोरडी होऊ लागलेली, आणि तेलापाठोपाठ उटणे व शिकेकाई ठरलेली.

बिघाड पुढे झाला. विसाव्या शतकात साबण स्वस्त झाला आणि शिकेकाई उकळत बसण्याचा व्याप मागे पडला. तेल मात्र राहिले, नव्हे वाढले. डब्यातले खोबरेल प्लास्टिकच्या बाटलीत आले आणि न्हाण्याआधी लावायचे तेल न्हाल्यावर, भांग बसवण्यासाठी लावले जाऊ लागले. शाळेत जाणाऱ्या मुलींच्या घट्ट, तेलकट वेण्या मुंबईच्या जुलैतही तशाच राहिल्या. साबणाचा अल्क त्वचेला सोसत नाही, आणि देशावरच्या जड पाण्यात त्याची साय केसांत बसते, जी लोक कोंडाच समजतात. पुढे कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शांपू लहान पाकिटात आणला आणि तो खेड्यांपर्यंत गेला. त्याने तेल काढण्याचे काम पुन्हा सुरू केले खरे, पण जाहिरातींनी तेल आणि शांपू हे दोन्ही बाराही महिने, कोकणात आणि माणदेशात, एकाच मापाने विकले.